तुमचं पत्र, आमचं उत्तर : ‘नाही’ म्हणायचं कसं?

या महिन्यात निवडलेली पाचही पत्रं नाशिक आणि आसपासची आहेत. नावं आणि ओळखू येतील अशा खुणा काढून टाकल्यात. आकडे मात्र पत्रातलेच ठेवलेत, कारण त्यांच्याशिवाय उत्तर देता येत नाही.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, सतरावं सुरू आहे. आम्ही इंदिरानगरला राहतो, त्याचा क्लास गंगापूर रोडला. बाकीची मुलं स्कूटरवर येतात, हा एकटाच बसने जातो, म्हणून रोज भांडण. “तुम्हाला माझी काही किंमतच नाही,” असं बोलून दार आपटतो. त्याचे बाबा म्हणतात, देऊन टाकू, सगळेच देतात. काय करावं?

उत्तर : देऊ नका. आधी बाबांसाठी कायदा सांगतो, म्हणजे घरात तुम्ही दोघं एका बाजूला याल. सोळा ते अठरा वयात फक्त विनागिअर, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो. घरोघरी असते ती स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची, म्हणजे त्यात ती बसतच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. अपघात झालाच, तर समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई विमा कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. ‘सगळेच देतात’ यातले किती जण हे वाचून देतात?

आता मुलाबद्दल. त्याला चिडून नव्हे, कागद पुढ्यात घेऊन विचारा : सगळे म्हणजे कोण कोण? नावं लिही. बहुतेक वेळा यादी पाच-सहा नावांवर थांबते. त्यातला एखादा अठरा पूर्ण झालेला असतो, एखाद्याला वडील सोडायला येतात. पण यादी करून “बघ, सगळे नाहीत” असं सुनावायचं नाही, तिथेच काम बिघडतं. यादी केली की खरी तक्रार बाहेर येते. क्लास सुटल्यावर सगळे मिळून कुठेतरी जातात आणि हा बसस्टॉपवर एकटा उभा राहतो, हे त्याचं दुखणं असतं. ते तुम्हाला सोडवता येतं. आठवड्यातले दोन दिवस त्याला मित्रांसोबत तासभर थांबू द्या. त्या दिवशी बाबांनी ठरलेल्या वेळी घ्यायला जायचं, पण क्लासच्या दारात नाही, पुढच्या चौकात. बाकी दिवस सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा पास.

स्कूटर नाकारल्यावर एक गोष्ट हमखास घडते : मुलगा दुसऱ्या बिनपरवान्याच्या मुलाच्या मागे बसायला लागतो. म्हणून नियम एकच आणि स्पष्ट असू द्या : परवाना नसलेल्याच्या मागे बसायचं नाही. मित्रांसमोर ‘नाही’ म्हणणं त्याला जड जाईल, तर खूण ठरवा. त्याने तुम्हाला नुसता एक ठरलेला शब्द पाठवायचा, तुम्ही लगेच फोन करून “आत्ताच्या आत्ता घरी ये, काम आहे” म्हणायचं. मित्रांपुढे वाईटपणा तुमच्याकडे जातो. त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. विचारलात, तर तो शब्द पुन्हा कधी येणार नाही.

आणि “नव्वद टक्के पडले तर गाडी” हे आमिष कृपा करून दाखवू नका. अठराव्या वाढदिवसानंतर शिकाऊ परवाना, त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, एवढीच तारीख त्याला सांगा आणि पाळा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात, द्राक्षबाग आहे. इथे रूमवर राहते. आमचा सहा जणींचा ग्रुप आहे, आठवड्यातून तीन वेळा तरी कॉलेज रोडला कॅफेत जाणं होतं, दर वेळी ३००-४०० रुपये कॉन्ट्री. वाढदिवस आले की वेगळं. घरून भाडं सोडून मेससाठी वेगळे आणि वर ३,५०० मिळतात, ते पंधरा दिवसांत संपतात. एका अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जाचे १२,००० बाकी आहेत, दोन हप्ते थकलेत. मैत्रिणीचे ३,८०० आणि मेसवाल्या मावशींचे २,५०० द्यायचेत. पप्पांना वाटतं मी काटकसरीने राहते. घरी गेलं की त्यांच्याकडे बघवत नाही. मी अशी का झाले?

उत्तर : ‘अशी का झाले’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेव. एकूण १८,३०० रुपयांचं देणं आहे, आणि त्यातलं एकच वाढतंय, ते अ‍ॅपचं. तिथून सुरू करू.

अ‍ॅप उघडून तीन आकडे लिहून काढ : मुद्दल किती बाकी, दंड आणि व्याज किती लागलं, आणि आज एकरकमी बंद करायचं तर किती. कर्जाच्या वेळी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या अटी आणि खर्चाचा कागद) आलं असेल, त्यात कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) नाव असतं. ते नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत आहे का पाहा. असा कागदच नसेल, नाव सापडत नसेल, तर कर्ज देणारा बेकायदा असू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अ‍ॅपला तुझे कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो पाहायची मुभा नाही, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या परवानग्या आजच बंद कर. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. कुणी फोटो पसरवायची धमकी दिली तर पैसे पाठवायचे नाहीत. स्क्रीनशॉट घ्यायचे आणि १९३० वर फोन करायचा. अ‍ॅप काढून टाकल्याने कर्ज जात नाही. एक फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून घेतलंस तर सहा महिन्यांनी याच पत्रात ४० हजारांचा आकडा असेल.

आता अवघड भाग : घरी सांगणं. सांगावं लागेलच, कारण दंड लागत असताना ३,५०० मधून १२ हजार फिटत नाहीत. फोनवर सांगू नकोस. गोड्या बहाराची छाटणी ऑक्टोबरमध्ये झाली की पुढे डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), फवारण्या यांत पप्पांना श्वास घ्यायला वेळ नसतो, हे तुला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पण ‘माल निघाल्यावर सांगू’ म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबलीस तर दंड वाढेल. येत्या रविवारी जा. रात्रीची जेवणं झाल्यावर, आई-पप्पा दोघं समोर असताना बोल. आईला आधी एकटीला सांगून तिच्यामार्फत निरोप धाडू नकोस. त्यात आईची फरफट होते, आणि पप्पांना दुखतं ते ‘मला का नाही सांगितलं’ याचं.

कागदावर आकडे लिहून ने. बोलणं एवढंच : “पप्पा, मी कर्ज करून ठेवलंय. अठरा हजार तीनशे आहे, दंड वेगळा. कॅफेत आणि वाढदिवसांना गेले. अ‍ॅपचे आत्ता फेडायला मदत लागेल, ते मी परत करीन. कसे, ते लिहून आणलंय.” मग गप्प बस. ते रागावतील. “आमच्या घामाचे पैसे” वगैरे येईल, आणि ते खोटंही नाही. त्या वेळी मैत्रिणींना दोष देऊ नकोस, रडून विषय बुडवू नकोस. आकडा एकदाच आणि पूर्ण सांग. लोक इथे चुकतात ते असं, की भीतीपोटी अर्धाच आकडा सांगतात. दोन महिन्यांनी उरलेला बाहेर येतो, आणि तेव्हा पैशापेक्षा विश्वास जास्त जातो.

कागदावरचा हिशोब असा ठेवता येईल. अ‍ॅपचे घरून एकरकमी भरायचे, ‘नो ड्यूज’चं पत्र मागून घ्यायचं. मेसच्या मावशींना पहिले दोन महिने १,२५० प्रमाणे. त्यांचे आधी, कारण त्या व्याज लावत नाहीत आणि किराणा उधारीवर आणतात. पुढचे चार महिने मैत्रिणीला ९५० प्रमाणे, पण तारीख तिला आजच सांगून ठेव. त्यानंतर घरी दरमहा १,०००. पहिल्या दोन महिन्यांत हातात २,२५० उरतात, म्हणजे आठवड्याला साडेपाचशेच्या आसपास. ते दर सोमवारी वेगळे काढ. महिन्याचे एकदम खात्यात दिसले की पहिल्याच आठवड्यात श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

साडेपाचशेत आठवड्यातून एकदा कॅफे बसतो. तीनदा बसत नाही. तेव्हा ग्रुपमध्ये सांगायचं काय? “मी शुक्रवारी येईन. बाकी दिवस नाही.” बस्स. कारण देऊ नकोस. कारण दिलं की घासाघीस सुरू होते. “पैसे नाहीत” म्हटलं तर कुणीतरी “मी भरते ना” म्हणेल आणि उधारीत भर पडेल. “अभ्यास आहे” म्हटलं तर “नंतर करू गं” येईल. कारणच नसेल तर खोडायला काही सापडत नाही. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य त्याच आवाजात. शुक्रवारी जाशील तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी सांग : “माझं बिल वेगळं.” आधी सांगितलं तर वेटर वेगळं करून देतो, खाऊन झाल्यावर सांगितलं तर टेबलावर तमाशा होतो.

पहिले काही दिवस ‘चिंगूस’ वगैरे ऐकावं लागेल. सगळ्यात मोठा धोका इथेच आहे : ते ऐकवत नाही म्हणून एखाद्या दिवशी सगळ्यांचं बिल तूच भरून टाकशील. ते टाळ. अशा ग्रुपमध्ये बहुधा आणखी कुणीतरी मनातल्या मनात हिशोब करत बसलेलं असतं. कॅफेऐवजी मिसळ खायला जाऊ, सोमेश्वरला चक्कर मारू, असं तू एकदा सुचवलंस तर कोण पटकन ‘हो’ म्हणतं ते पाहा. ग्रुपवर मात्र आपली कर्मकहाणी टाकू नकोस. सांगायची तर एकीला, समोरासमोर.

आणि दर वेळी खर्चाचा हिस्सा दिला तरच ज्यांच्यात जागा मिळते, तिथे तू पाहुणी आहेस. जागा राहते का, हे महिन्याभरात कळेल.

प्रश्न : मी वीस वर्षांचा. कॉलेजबाहेरच्या टपरीवर मित्रांमुळे सिगारेट लागली, दिवसाला पाच-सहा होतात. सोडायची आहे, पण टपरीवर गेलं नाही तर मित्र सुटतात. एकजण म्हणतो, व्हेप ओढ, त्याने काही होत नाही.

उत्तर : व्हेपमध्येही निकोटिनच असतं, आणि ई-सिगारेटच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. म्हणजे चोरून मिळणाऱ्या त्या नळीत नेमकं काय भरलंय, हे तुझ्या मित्रालाही माहीत नाही.

पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. तलफ येते ती पाच-दहा मिनिटं टिकते आणि ओसरते. तेवढी मिनिटं हात आणि तोंड गुंतवायचं : पाणी, बडीशेप, लवंग. सोडायचा दिवस शनिवार ठेव, म्हणजे टपरीशिवायचे दोन दिवस आयते मिळतात. सोमवारी चहाची जागा बदल आणि मित्रांना तिकडे बोलाव. टपरीवर जावंच लागलं तर दोन्ही हातांनी चहाचा ग्लास धर. हे हास्यास्पद वाटेल, पण रिकाम्या हातात सिगारेट दिली जाते. विचारलं तर “ओढत नाही” म्हण. “सोडतोय” म्हटलंस की “शेवटची एक” पुढे येते. नाहीच जमलं तर निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल डॉक्टरांशी बोल. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

प्रश्न : वय २७, मेकॅनिकल डिप्लोमा. अंबडच्या एका कंपनीत व्हीएमसी आणि टर्निंगवर (धातू कापायच्या मशीनवर) सेटर आहे, म्हणजे मशीन लावून देतो, हातात २४ हजार पडतात. धाकटा भाऊ पुण्यात आयटीत. प्रत्येक लग्नात, वास्तुशांतीत मावशी-काका विचारतात, “तू अजून तिथेच का?” आई पण म्हणते, “त्याच्यासारखं काहीतरी कर.” स्थळं पगारावर अडतात. आता कार्यक्रमांना जाणंच बंद केलंय. आपण काहीच नाही असं वाटतं.

उत्तर : आधी एक मोह टाळा. पुण्यातलं भाडं, गाडीचा हप्ता, भावाचं जागरण असं सगळं वजा करून ‘त्याच्याकडेही काही उरत नाही’ हा हिशोब मांडायचा मोह. त्याने दोन दिवस बरं वाटतं, पण माप भावाचंच राहतं.

तुमचं माप तुमच्या कामात शोधा. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजत गेला की बोअर (पार्टमधलं भोक) बारीक येऊ लागतो. किती पार्ट्सनंतर मोजायचं, किती मायक्रॉनचा ऑफसेट (मापाची दुरुस्ती) द्यायचा, कधी इन्सर्टच फिरवायचा, हे सेटरला हाताखालच्या मशीनवरून कळतं. ते ज्याला कळत नाही त्याच्या शिफ्टला रिजेक्शनची पेटी भरते. हे शहाणपण तोंडी राहतं, म्हणून त्याची किंमत ना घरात कळते ना मुलाखतीत. एक वही करा. तारीख, पार्ट, काय बिघडलं, काय केलं, सेटिंगचा वेळ किती मिनिटांवरून किती मिनिटांवर आला. तीन-चार महिन्यांची अशी वही हातात असली की पगारवाढीच्या वेळी “मला पण बघा साहेब” असं म्हणावं लागत नाही, पानं दाखवता येतात. सिन्नर, सातपूर, अंबड इथल्या मुलाखतींतही तीच वही कामाला येते. कॅम प्रोग्रॅमिंग (मशीनसाठी संगणकावर प्रोग्रॅम बनवणं) शिकलात तर पुढची पायरी तीच. पदवी हवी असेल तर डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळतो. नोकरी सोडायची नसेल तर अर्धवेळ अभ्यासक्रम पाहा किंवा गंगापूर धरणाकडच्या मुक्त विद्यापीठात चौकशी करा. पण स्वतःला शिकायचं असेल तर. मावशींना उत्तर म्हणून चार वर्षं कुणी अभ्यास करू शकत नाही.

मावशींसाठी एक वाक्य पुरे : “हो मावशी, तिथेच आहे, काम चांगलं चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे?” खुलासा नाही, पगार नाही. कार्यक्रमाला जाणं बंद करू नका. गैरहजेरीत चर्चा जास्त रंगते. तासभर जा, वाढायला उभे राहा, हातात काम असलं की चौकशा कमी होतात.

आईशी वेगळं बोला, आणि कार्यक्रमाहून परतताना गाडीवर नको. “आई, तू परवा सगळ्यांसमोर ‘त्याच्यासारखं कर’ म्हणालीस. घरात काय ते बोल, लोकांसमोर नको.” नेमका प्रसंग, नेमकं वाक्य. “तू नेहमीच मला कमी लेखतेस” म्हणालात, तर ती नेहमीच असं कधी वागली नाही याचे वीस दाखले देईल आणि विषय संपेल. भावालाही एकदा फोन करा. आपल्या नावाने घरात काय चालतं, याचा पत्ता पुण्यात बसलेल्याला बरेचदा नसतो.

स्थळांच्या बायोडेटात ‘इंजिनिअर’ लिहू नका, हातात येणारा पगार लिहा. पहिल्या भेटीआधीच जे गळायचं ते गळू द्या.

‘आपण काहीच नाही’ हे दोन आठवड्यांहून जास्त रोज वाटत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फोन मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो.

प्रश्न : आमचा पंचवटीत टू बीएचके आहे. त्र्यंबकला नारायण नागबळी, वणीला दर्शन, शिर्डी, काहीही असो, सासरचे सगळे आमच्याकडे उतरतात. नागबळीचे तर तीन दिवस ठरलेलेच. आता सिंहस्थासाठी दोन कुटुंबांनी ‘येतोय’ म्हणून कळवलं सुद्धा. मी नोकरी करते, मुलगी तेव्हा दहावीत असेल. सासूबाई म्हणतात, आलेल्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही.

उत्तर : रीत आलेल्याला जेवू घालायची आहे. महिनाभर खोली द्यायची नव्हे. सासूबाईंशी भांडण रीतीवर नको, आकड्यांवर बोला : किती माणसं, किती रात्री. टू बीएचकेत घरचे सोडून वर तीन माणसं, दोन रात्री, एवढं झेपतं. मुलीची खोली त्यात धरायची नाही. हे तिघांनी, म्हणजे तुम्ही, नवरा आणि सासूबाईंनी, आधी घरात ठरवा.

कळवायचं नवऱ्याने. त्याच्या बाजूच्या माणसांना तुम्ही कळवलंत तर ‘सुनेने अडवलं’ होतं, आणि ते पुढची दहा वर्षं चालतं. नाशिकचं ध्वजारोहण, म्हणजे सिंहस्थाची सुरुवात, ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, मुख्य स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला. म्हणजे सांगायला वेळ आहे, आणि तो आत्ताच आहे. तिकिटं निघाल्यावर सांगितलेलं ‘नाही’ दुप्पट लागतं.

मजकूर असा : “मुलीचं दहावीचं वर्ष आहे. सिंहस्थात आमच्याकडे एका वेळी तिघांची, दोन रात्रींची सोय होईल. मुख्य स्नानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी नाही. तारीख आधी कळवा.” इथे दहावीचं कारण चालतं, कारण ते सगळ्यांना मान्य आहे. “जागा कमी आहे” लिहू नका, “आम्ही गच्चीवर झोपू” असं उत्तर येईल. मुख्य स्नानाच्या दिवशी पंचवटीकडे गाड्या सोडत नाहीत, लोकांना बाहेरच्या वाहनतळावरून यावं लागतं, हे फोनवर सांगायला हरकत नाही. पुष्कळांचा बेत तिथेच बदलतो.

तरी कुणी न कळवता दारात उभं राहिलंच, तर जेवू घाला, रात्र काढू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहालाच नवऱ्याने विचारायचं : “परतीची गाडी कितीची?” दुपारच्या जेवणापर्यंत थांबलात, तर त्या दिवशी ते जात नाहीत.